पहिलं वाफेचं इंजिन कोणतं घ्यावं: पॅसिफिक, टँक की मालगाडीचं काळं?

भुसावळ-जळगावकडच्या माणसाने मॉडेल रेल्वेचा कॅटलॉग उघडला की पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे आपली इंजिनं त्यात जवळजवळ नसतातच. भारतीय रेल्वेची मालगाडीची डब्ल्यूजी २४५० बनली, प्रवासी गाडीची डब्ल्यूपी ७५५. तरी मोठ्या कंपन्यांना ती दिसत नाहीत. आणि १९४१ ते १९४४ मध्ये जेमतेम २५ बनलेलं अमेरिकेचं बिग बॉय हे इंजिन मात्र एकामागून एक कंपन्यांनी मॉडेलात काढलं. म्हणजे खरी इंजिनं किती धावली यावर हे ठरत नाही. पोलादी साच्याचा खर्च मोठा असतो आणि तो एका रंगाच्या एका इंजिनातून निघत नाही. एकाच साच्यातून किती रंग आणि किती नंबर काढता येतील, खरं इंजिन कुठे जतन केलेलं आहे का, घरच्या आखूड वळणावर ते फिरेल का, हे आधी पाहिलं जातं. ब्रिटनचं ‘टेरियर’ हे छोटं इंजिन पाहा. १८७२ ते १८८० मध्ये ५० बनली, त्यांतली १० आजही आहेत, आणि मालक इतके बदलले की रंगांना तोटा नाही. अशा चिमुकल्या इंजिनासाठी दोन कंपन्यांनी एकाच सुमारास वेगवेगळे साचे केले.

त्यामुळे खरेदी करणाऱ्यापुढे पर्याय येतात ते असे चाळून आलेले. त्यात ‘आपलं’ इंजिन शोधण्यापेक्षा आपल्यासारखं शोधावं. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. ओओ मापात (खऱ्याच्या सुमारे ७६वा भाग) त्याचे रूळ २२ मिलिमीटर यायला हवेत, एचओमध्ये (८७वा भाग) १९.३. बाजारात दोन्हींसाठी मिळतात १६.५चे. एवढी तडजोड सगळ्याच पर्यायांत आहे. (पाचोरा-जामनेरची अरुंद लाइन करायची असेल तर गोष्ट वेगळी: ७६२ मिलिमीटर म्हणजे एचओ मापात ८.८. ऑस्ट्रियाच्या ७६० मिलिमीटरच्या लाइनीची ९ मिलिमीटर रुळांवरची मॉडेलं तिथे चपखल बसतात.)

पॅसिफिक, म्हणजे ब्रिटनच्या प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समनच्या जातीचं ४-६-२ (पुढची छोटी, मधली चालती आणि मागची छोटी चाकं), दिसायला राजेशाही आणि मिळायला सगळ्यांत सोपं. सहा बाय चार फुटांच्या फळीवर तयार रुळांतलं ‘दुसऱ्या त्रिज्येचं’, म्हणजे ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण आरामात बसतं, तिसरंही बसतं. चौथं ५७१ चं, ते काठाला येतं. पॅसिफिक दुसऱ्या त्रिज्येवर फिरतं, पण त्यासाठी बऱ्याच मॉडेलांत मागच्या चाकांना रुळावर धरून ठेवणाऱ्या कडाच नसतात आणि इंजिन आणि टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) यांच्यामधली फट मोठी ठेवावी लागते. वळणावरचा फलाट सिलिंडरला घासतो. लांब सरळ मार्ग असेल तर पॅसिफिक जरूर घ्या, घरच्या फळीवर ते अवघडून चालतं.

टँक इंजिन, म्हणजे कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारं, टेंडर नसलेलं. स्वस्त, आखूड, कुठेही वळणारं. नवख्याला बहुतेक जण हेच सुचवतात, आणि माझी नाराजी नेमकी इथे आहे. ही मॉडेलं रुळांतून चाकांवाटे वीज घेऊन चालतात, आणि टँक सांध्यावर, म्हणजे रूळ फुटून दुसरीकडे वळतात तिथे, थांबतं. साध्या सांध्याचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असतो, तिथे वीज नसते. चारचाकी टँकची एका रुळावर दोनच चाकं. एक फ्रॉगवर आलं आणि दुसऱ्याखाली धुळीचा ठिपका असला की वीज गेली. सहाचाकीची तीन, पण मधलं चाक अर्ध्या वेळा टेकतच नाही. आपल्याकडे मार्च ते जूनच्या कोरड्या वाऱ्यात रुळांवर बारीक माती बसते, त्यात तेलाचा अंश मिसळून काळा थर होतो. सकाळी पुसलेला रूळ संध्याकाळी पुन्हा बोटाला लागतो. बोटाने ढकलत चालवायचं इंजिन दोन दिवसांत कपाटात जातं. यावर उपाय आहेत: धातूचा फ्रॉग लावून त्याची वीज सांध्याबरोबर बदलणारा स्विच जोडणं, किंवा डीसीसी (रुळांतून संदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत) असेल तर इंजिनातल्या डीकोडरला, म्हणजे ते संदेश वाचणाऱ्या चिपला, थोडी वीज साठवणारा कपॅसिटर. पण लहान टँकच्या पोटात कपॅसिटरला जागा कुठून आणणार?

मालगाडीचं ०-६-० टेंडरवालं हे या दोघांच्या मधलं. सहा चाकं इंजिनाची, सहा टेंडरची. टेंडरमधूनही वीज घेणारं असेल तर एका रुळावर सहा स्पर्श. इंजिनाचं सगळं वजन चालत्या चाकांवर पडतं, त्यामुळे ५० ला १ च्या चढावर घसरणं कमी. टेंडरमध्ये डीकोडरला किंवा स्पीकरला जागा निघते. आणि रूप? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या ब्रॉडगेजसाठी ब्रिटिश अभियंत्यांनी जी प्रमाण मालगाडी इंजिनं आखली, ती ०-६-०, आतल्या सिलिंडरची, चौकोनी खांद्याच्या बेलपेअर फायरबॉक्सची (भट्टीची) होती. ब्रिटनच्या मिडलंड रेल्वेचं ४एफ त्याच घराण्यातलं दिसतं. चाळीसगाव-धुळे शाखेसारख्या छोट्या लाइनीला ते शोभतं. ब्रिटिश यादीत केळी वाहायचे बंद डबेही मिळतात. सावदा-रावेरच्या माणसाला आणखी काय हवं!

घेताना मात्र दोन गोष्टी विचाराव्यात. टेंडरच्या चाकांतून वीज घेतं का? सगळ्यांत ती सोय नसते. आणि मोटर कुठे आहे? जुन्या घाटणीच्या मॉडेलांत ती टेंडरमध्ये असते आणि चाकाला रबरी टायर असतो. टायरवालं चाक वीज घेत नाही, रबर ताठरतं आणि रुळावर काळं सोडतं. अशी सेकंडहँड स्वस्त मिळतात, तरी टाळलेली बरी. काळ्या रंगाशिवाय फारसा पर्याय नाही, हेही मान्य. इंजिन आणि टेंडरमधली वायर नाजूक असते. उचलताना इंजिन आणि टेंडर दोन्ही हातांनी एकदम उचला.

आल्यावर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने मोकळं पळवा. चाकं साफ करायला रुळांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कपडा आडवा टाका, टेंडर उघड्या रुळांवर आणि इंजिन कपड्यावर ठेवा. चाकं जागच्या जागी फिरून काळं सोडतात. मग इंजिन उघड्या रुळांवर घेऊन टेंडर कपड्यावरून ओढा. रुळांना सँडपेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत माती आणखी घट्ट बसते. तेल सुईच्या टोकाएवढंच.