पेनाने पिवळी रेघ ओढली, तरी मी पैसे भरले

एकूण 11,989 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवण्यातच माझे दोन महिने गेले. स्क्रॅपबुकच्या किटचे 3,850, ‘परत मिळणारी’ अनामत 6,000, क्वालिटी चेकची फी 1,499 आणि तयार पानं पाठवायचं कुरियर 640. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या. म्हणूनच मुलाला अजून फक्त 3,850 चंच माहीत आहे.

निवृत्तीनंतर स्क्रॅपबुकचा नाद लागला. घरात जुने चिकट पानांचे अल्बम होते, वरचं प्लास्टिक उचलून फोटो दाबून बसवायचे ते. त्यातल्या गोंदाच्या रेघा फोटोंच्या पाठीवर उमटायला लागल्या होत्या. दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवत एकेक फोटो सोडवला. ते नव्या पानांवर लावायचे, शेजारी चार ओळी लिहायच्या, एवढाच बेत होता. त्यासाठी भरपूर वाचलंही. 12 बाय 12 इंचाचं पान, कार्डस्टॉक म्हणजे जाड कागद ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री, म्हणजे कागद आणि फोटो पिवळे पाडणारं काही त्यात नको, शाई पिगमेंटची, कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं, पीव्हीसी अजिबात नको, तेही फोटो खराब करतं. म्हणजे मी काही न वाचता उडी मारणारा माणूस नाही, हे आधी लक्षात घ्या.

जाहिरातीत किट होतं आणि खाली एक ओळ: तुम्ही केलेली पानं आम्ही विकत घेतो. वीस पानं, पानामागे 450. घरबसल्या कामाची ही भानगड तुम्हाला ठाऊकच आहे, मलाही होती. पण लिफाफे भरण्याचं किंवा डेटा टाइप करण्याचं काम आलं असतं तर मी ओळखलं असतं. इथे माझ्या आवडीचं बोलणारी बाई होती. ‘काका, तुमचा हात फार सुबक आहे हो.’ तिने बोलता बोलता सांगितलं की मार्क ट्वेनने 1873 साली स्वतःच चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. मी ते शोधून पाहिलं आणि खरं निघालं. पेटंट तपासलं, पण पावतीवरचा पत्ता तपासला नाही. हे माझं ऑडिट!

आता ती संध्याकाळ. किट आलं. वॉशी टेप, डाय-कट फुलं, फोटो कॉर्नर सगळं ठीकठाक. कव्हरं उघडली तर नव्या रेनकोटचा वास. पीव्हीसीचा वास तसाच असतो, हे मी वाचलेलं होतं. मग किटमधलंच पीएच पेन, कागदात आम्ल आहे का ते दाखवणारं, घेतलं आणि पांढऱ्या कार्डस्टॉकच्या कोपऱ्यात रेघ ओढली. कागद आम्लमुक्त असेल तर रेघ जांभळी होते. ती पिवळी झाली, आणि पिवळीच राहिली. दुसऱ्या पानावर पिवळी, तिसऱ्यावर पिवळी. त्यांच्याच पेनाने मला तीनदा सांगितलं.

मी फोन केला. ती म्हणाली, ‘रंगीत कागदावर हे पेन नीट दाखवत नाही काका.’ हेही खरंच आहे! रंगीत कागदावर रेघेचा रंग कळत नाही. पण माझ्या हातात पांढरा कागद होता हो. ढळढळीत पांढरा. मी त्याच्याकडे बघत ‘अच्छा अच्छा’ म्हणालो आणि पंधरा मिनिटांत अनामतीचे 6,000 पाठवले. खरं कारण सांगतो: पहिली दोन पानं मनात तयार झाली होती आणि मला थांबायचं नव्हतं.

अनामत मागितली की फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

वीस पानं अकरा दिवसांत केली. फोटोंच्या प्रती वापरल्या, फक्त एका पानावर प्रत फिकी दिसली म्हणून आईचा मूळ फोटो लावला. मूळ फोटो कधीही घराबाहेर पाठवू नका, आधी स्कॅन करा. मला हे माहीत होतं, तरी केलं. पानं गेली, 1,499 गेले, मग निरोप आला की कडा सरळ नाहीत, सगळी पानं नापास, अनामत जप्त. पानं परत हवी असतील तर अजून 900. ते मात्र दिले नाहीत. फोटोही गेला. त्यानंतर नंबर बंद.

मग सुरू झाली दुसरी फरफट. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. हेल्पलाइनवर म्हणाले, उशीर केलात. उशीर का केला, तर लाज वाटली म्हणून. उशिराच्या कारणाच्या रकान्यात लाजेचा पर्याय नाही. तुम्ही त्याच तासात फोन करा, रडायचं नंतर बघा. ऑनलाइन फॉर्मने बाईच्या आवाजातले निरोप घेतलेच नाहीत, फाइल चालत नाही म्हणे, आणि मोबाइलवरचे संवाद तिने दोन्हीकडचे पुसलेले. म्हणून पहिल्या दिवसापासून स्क्रीनशॉट काढा. पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला स्क्रॅपबुक म्हणजे काय ते समजावलं, तर ‘म्हणजे वहीत फोटो चिकटवायचे? त्याचे तुम्हाला पैसे मिळणार होते?’ असं विचारून शेजारच्या टेबलाकडे बघून हसले. तिसऱ्या खेपेला कळलं की किट हातात मिळालंय, तेव्हा ही फसवणूक नाही, मालाची तक्रार आहे, ग्राहक आयोगाच्या दारात जा. तिथे म्हणाले, विरुद्ध पक्षाचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? आईच्या फोटोची किंमत काय लावू असं विचारलं, तर म्हणाले अंदाजे लिहा. मी तो रकाना कोरा सोडला.

शेवटी पोलीस ठाण्यातून तक्रार मिळाल्याचा एक कागद हातात पडला. घरी येऊन त्याच्या कोपऱ्यात ते पेन ओढलं. रेघ लगेच जांभळी झाली. कागद चांगला आहे, वर्षानुवर्षं पिवळा पडणार नाही.