स्टिकर की होर्डिंग?

ब्रिटनमधल्या लिंगओळखीच्या वादात (ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या स्त्रियांना स्त्री मानायचं का, हा वाद) उतरणाऱ्या छोट्या गटाला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, हा प्रश्न पडतोच. स्टिकर स्वस्त, घरीही छापता येतात. होर्डिंगला वर्गणी काढावी लागते.

टिकाऊपणा? स्टिकर कुणीही नखाने खरवडतो. पण पैसे मोजलेलं होर्डिंगही भरवशाचं नाही. २०१८ मध्ये लिव्हरपूलला ‘स्त्री’ची कोशातली व्याख्या लावलेलं होर्डिंग, ते ट्रान्सविरोधी असल्याच्या तक्रारीनंतर, उतरवलं गेलं. उतरवल्याची बातमी मात्र देशभर गेली.

कायद्याचा धोका स्टिकरलाच जास्त: त्याच वर्षी लिव्हरपूलजवळच्या क्रॉसबी किनाऱ्यावरच्या पुतळ्यांवर याच वादातले स्टिकर चिकटले आणि पोलीस लक्ष घालू लागले. शिवाय रोजच्या वाटेवरच्या ट्रान्स व्यक्तीला ते थेट अंगावर येतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गल्लीतले समविचारी शोधायचे तर स्टिकर, तेही परवानगीच्या जागी. धोरणावर चर्चा पेटवायची तर होर्डिंग.