मॅनिफोल्ड माझा नव्हताच

पैसे गेले त्याचं वाईट वाटायचं तेवढं वाटून गेलं. अजून चडफडतो ते एवढ्यासाठी की तो लोखंडी धोंडा नऊ आठवडे माझ्याच गॅरेजमध्ये होता. मी तो उचलला, उलटा केला, त्याला टिचकीसुद्धा मारली. पोट बघितलं, पाठ तेवढी बघायची राहिली.

गाडी १९६९ सालची शेव्हरोले कॅमॅरो, एसएस ३५०. त्या काळच्या आकड्यांप्रमाणे ३०० अश्वशक्ती, वर क्वाड्राजेट कार्बोरेटर आणि त्याखाली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, इनटेक मॅनिफोल्ड. डेट्रॉइटच्या उपनगरात नोकरीला आलेला मराठी इंजिनिअर एकतर बोट घेतो नाहीतर अशी गाडी. मला पाण्याची भीती वाटते. विकणाऱ्याने ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून चांगले दोन हजार डॉलर जास्त लावले होते, आणि मीही ते मुकाट दिले होते. मॅचिंग नंबर्स म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, कार्बोरेटर वगैरे सगळं त्या गाडीबरोबर कारखान्यातून निघालेलं.

जुलैमध्ये गरम इंजिनाला कूलंटचा गोडसर वास येऊ लागला. थर्मोस्टॅटच्या घराच्या मागे, मॅनिफोल्डच्या कोपऱ्यात हिरवं डबकं साचायचं. या शेव्ही इंजिनात मॅनिफोल्ड म्हणजे नुसती हवा-पेट्रोल वाटणारी नळी नव्हे. व्ही आकाराच्या दोन फाळ्यांमधल्या खोबणीवरचं झाकणही तोच. त्याच्या पुढच्या भागातून पाणी जातं, पोटातून कार्बोरेटर गरम ठेवायला जळका वायू जातो, खाली तेल उडत असतं. हवा, पाणी, तेल आणि धूर, चार भांडखोर भाडेकरू एका वाड्यात, आणि मधल्या भिंती म्हणजे पातळ गॅस्केटं. गळती लागली की नव्वद टक्के वेळा दोष गॅस्केटचाच, हे मला माहीत होतं. बारा बोल्ट काढायचे, डिस्ट्रिब्युटर उपसायचा, गॅस्केटं बदलायची. दोन शनिवारांचं काम.

पण ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला होता. त्या दिवशी वुडवर्ड अव्हेन्यूवर फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून भरते, आणि माझी ही पहिलीच वारी होती. मुलीच्या सॉकरच्या मॅचेस, ऑफिसात लाँच. गाडी एका गॅरेजमध्ये टाकली. नाव लिहीत नाही. भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो होते, मालक बोलायला गोड होता, लेखी एस्टिमेटही रीतसर दिलं: गॅस्केट बदलणे, ४८० डॉलर.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘वाईट बातमी आहे. मॅनिफोल्डला तडा गेलाय.’ पाठोपाठ फोटो. पोटातल्या धुराच्या वाटेजवळ केसासारखी काळी रेघ, स्पष्ट. मग सल्ला: तसाच जुना बिडाचा शोधायला महिना-दोन महिने लागतील, अ‍ॅल्युमिनियमचा नवा मॅनिफोल्ड तयार आहे, वजन निम्म्याहून कमी, गाडी पळेलही जास्त. एकूण ११५० डॉलर, आणि ‘तुमची जत्रा चुकणार नाही’. हे शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम टाकलं असणार. घाई मीच त्याला पहिल्या दिवशी सांगून ठेवली होती. गिऱ्हाइकाने आपली निकड दुकानदाराला सांगू नये हे मंडईत भाजी घेताना कळतं, इथे कळलं नाही.

मी फोनवरच हो म्हटलं. तेव्हा गाडीत बसून दहा मैल जाऊन, मॅनिफोल्ड समोर ठेवून तो तडा बघितला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला आजही वाटतं. फोटोतला तडा खराच होता. तो कुणाच्या मॅनिफोल्डचा, हे फोटोत दिसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी शहाणपणाने केली, निदान तेव्हा तसं वाटलं. जुना मॅनिफोल्ड परत मागितला. मिशिगनच्या कायद्यानुसार बदललेले जुने भाग गिऱ्हाइकाने मागितले तर द्यावे लागतात. मालक एका शब्दानेही कुरकुरला नाही. उलट खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून, डिकीत स्वतः ठेवून दिला.

रात्री कोल्हापूरला आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबांनी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंग केलंय. त्यांना गाडीचं काही नाही, पण बीड म्हटलं की कान टवकारतात.

‘टिचकी मारून बघितलीस काय?’

‘आबा, तडा डोळ्यांनी दिसतोय.’

‘डोळ्याचं ठेव बाजूला. हातोडीच्या दांड्यानं हळू मार आन् फोन जवळ धर.’

मारलं. बद्द आवाज आला. धड ओतीव असतं तर घंटेसारखं खणखणलं असतं. ‘गेलंय ते,’ आबा म्हणाले, ‘माणूस खरं बोललाय.’ माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मॅनिफोल्ड पालथाच, पोट वर करून, लाकडाच्या तुकड्यांवर ठेवला आणि विसरलो. त्याची वरची बाजू जमिनीकडे होती.

वुडवर्डची जत्रा झकास झाली. त्यावर लिहायला वेगळा कागद लागेल.

सप्टेंबर संपता संपता गाडी तेल पिऊ लागली. सकाळी चालू केली की मागून निळसर धूर, उभ्या गाडीत इंजिनाचा वेग खालीवर. शेजारी एक आजोबा राहतात, जनरल मोटर्समध्ये टूल अँड डाय मेकर होते. त्यांनी आधी प्लग काढायला लावले. सहा आणि आठ नंबरचे काळे, तेलकट; बाकीचे सहा कोरडे. चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या कडेकडेने कार्ब क्लीनर फवारून बघितला, आवाजात तिळभर फरक नाही. म्हणजे वरून हवा शिरत नव्हती. मग त्यांनी इंजिनाच्या पोटातला वायू ओढून घेणारी पीसीव्हीची नळी काढून तोंड बंद केलं, हवा येण्याजाण्याचा ब्रीदरही बुजवला आणि मला म्हणाले, ‘तेल ओतायच्या भोकावर तळहात ठेव.’ हात किंचित बाहेर ढकलला जायला हवा. माझा आत खेचला गेला. नळावर हात धरून खेळताना उलटं व्हावं तसं. मॅनिफोल्ड खालच्या खोबणीतून हवा ओढत होता, आणि हवेबरोबर तेलाचा फवारा.

नवा मॅनिफोल्ड आम्ही दोघांनी काढला. मागच्या बाजूचे दोन बोल्ट पान्याला जोर न लावताच फिरले. ते ३० फूट-पाउंड जोराने आवळलेले असायला हवेत, मधून सुरुवात करून बाहेर जात, दोन-तीन फेऱ्यांत. उजवीकडचं गॅस्केट घसरून सहा-आठच्या हवेच्या तोंडाखाली अर्धा बोटभर लोंबत होतं. हेडवर जुन्या गॅस्केटचे खरपुडे तसेच, वर नवं चिकटवलेलं. आणि खोबणीत, व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरांच्या मधोमध, निळ्या सिलिकॉनचे शेंगदाण्याएवढे गोळे. असा एखादा गोळा तेलपंपाच्या जाळीत अडकला असता तर इंजिनच बसलं असतं. बिलावर ‘पृष्ठभाग साफसफाई, दीड तास’ असं लिहिलेलं होतं. ते वाचून आजोबा पहिल्यांदाच शिवी देताना ऐकले.

इथपर्यंत ही नुसती गलथान कामाची गोष्ट आहे. तेवढीच असती तर लिहिली नसती.

नवी गॅस्केटं येईपर्यंत आजोबांची नजर कोपऱ्यातल्या बिडाच्या धोंड्यावर गेली. ‘हा वेल्ड होतो का बघू, मूळचाच बसवू.’ त्यांनी तो सुलटा केला, ब्रेक क्लीनर मारून वरचा मळ घासला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. ओतकामावर उठावाची अक्षरं असतात: कास्टिंग नंबर, आणि शेजारी तारीख. पहिलं अक्षर महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे. तिथे होतं ‘जे २२ ९’. २२ ऑक्टोबर १९६९.

माझ्या इंजिनच्या पुढच्या पट्टीवर ‘व्ही ०३२१’ कोरलेलं आहे. फ्लिंटच्या कारखान्यात २१ मार्चला जोडलेलं इंजिन. मार्चमधल्या बारशाला ऑक्टोबरात शिवलेलं झबलं!

धावत जाऊन वही काढली. गाडी घेतली त्या दिवशी मूळ मालकाने टॉर्च धरून एकेक नंबर दाखवला होता आणि मी तो उतरवून घेतला होता. मॅनिफोल्ड: सी ४ ९. चार मार्च. इंजिन जोडायच्या सतरा दिवस आधी ओतलेला, अगदी जिथल्या तिथे. तो गेला होता. बदल्यात कुठल्यातरी उशिराच्या गाडीचा फुटका, भंगारातला तुकडा मला खोक्यात घालून मिळाला होता, आणि आबांच्या टिचकीने त्याच्यावर प्रामाणिकपणाचा शिक्काही मारला होता. टिचकी खोटी नव्हती. भांडंच दुसऱ्याचं होतं.

यातली मेख लक्षात घ्या. इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे कोरलेले असतात, तो कुणी सहसा बदलायला जात नाही. मॅनिफोल्डवर गाडीचा नंबर नसतो. फक्त साचा कोणता आणि कधी ओतला. तारीख जुळणारा धड मॅनिफोल्ड दुसऱ्या एखाद्या मार्चमधल्या गाडीला हवाच असतो, आणि तो घेणारा विचारत नाही कुठून आला. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर यांचंही थोडंफार असंच आहे.

मी वही घेऊन गेलो. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. ‘वहीत कुणीही काहीही लिहू शकतं. तुमच्या गाडीतून निघालेला मॅनिफोल्ड मी तुम्हाला दिला, पावतीवर तुमची सही आहे.’ सही होती. ‘जुना भाग मिळाला’ एवढंच लिहिलेलं, नंबर नाही. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात गॅरेजविरुद्ध तक्रार करता येते, ती केली. घसरलेलं गॅस्केट, न केलेली साफसफाई याचे आमच्याकडे फोटो होते, त्यामुळे मजुरीचे ३९० डॉलर परत आले. मॅनिफोल्डचा पुरावा शून्य. माझ्याकडे इंजिनचे चाळीसेक फोटो आहेत. एकूणएक फोटोत मॅनिफोल्डवर एअर क्लीनरची चकचकीत क्रोमची थाळी बसलेली, कारण ती छान दिसते.

आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, पण हसू आवरलेलं कळत होतं. ‘आपल्याकडं साधा स्टीलचा डबा शेजारी द्यायचा तरी नाव घातलेला असतो.’ खरं आहे. आमच्या घरात वाटीसुद्धा बिननावाची नव्हती. शेजारच्या आजोबांचीही तीच पद्धत निघाली: मशिनिंगला कुठलाही भाग पाठवताना ते आतल्या, न दिसणाऱ्या जागी पंचाने तीन टिंबं मारतात आणि त्यांचा फोटो काढतात. आता मीही मारतो. गाडी कुणाच्या दारात नेण्याआधी एअर क्लीनर उतरवून नंबरांचे फोटो काढतो, त्यातले हवे ते नंबर कामाच्या कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घेतो, आणि ‘तडा गेलाय’ असा फोन आला की ‘तसंच राहू द्या, येतोय’ म्हणतो. एकाने यावर तोंड वाकडं केलं. त्याच्याकडे गाडी ठेवली नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आम्हीच परत बसवला, नीट बसवला. गाडी धूर सोडत नाही, तेल पीत नाही. खरं सांगायचं तर पळतेही बरी.

पण मिशिगन-ओहायोतल्या जुन्या भागांच्या बाजारात गेलो की ताडपत्रीवर मांडलेला प्रत्येक बिडाचा मॅनिफोल्ड मी वाकून वाचतो. खिशात वायर ब्रश असतो. बायको आता कॉफी घेऊन लांब बसते. गेल्या खेपेला एकावरचा गंज घासला तर खालून ‘सी ४’ निघालं. हात थरथरायला लागला. पुढचा आकडा घासून काढला. ८ होता.