शेंगदाण्याऐवजी सोयाबीन तेल: कुठे चालतं, कुठे नाही

शेंगदाणा तेल महागलं की किराणा दुकानात हात आपोआप सोयाबीनच्या पिशवीकडे जातो. रोजच्या फोडणीला ही अदलाबदल खपून जाते. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की भाजीत कुठलं तेल आहे ते बहुतेकांना कळत नाही. इथे सोयाबीनला पैकीच्या पैकी गुण.

तळणात मात्र गुण कापावे लागतात. लिनोलेनिक आम्ल हा तेलातला तापवल्यावर लवकर बिघडणारा घटक; सोयाबीन तेलात तो साधारण ७ टक्के, शेंगदाणा तेलात नावापुरता. तेच तेल दुसऱ्या-तिसऱ्यांदा तापवलं की उग्र वास सुटतो आणि कढईच्या काठाला चिकट, पिवळट थर धरतो. तो काथ्यालाही दाद देत नाही. पुऱ्या तळून लगेच खायच्या तर हरकत नाही. दिवाळीची चकली त्यात तळून डब्यात भरली तर लवकर खवटते. फरसाणवाले पामतेल घेतात ते काही फक्त स्वस्त म्हणून नव्हे, तापून टिकतं म्हणूनही. (थंडीत ते गोठतं, ती भेसळ नाही.)

भाकरीबरोबरच्या चटणीवर कच्चं तेल घ्यायचं तर सोयाबीन बाद. तिथे शेंगदाणा, नाहीतर करडई. म्हणून भाव चढला तरी पाच लिटर तेल घेणारं घर शेंगदाणा पूर्ण सोडत नाही; चार लिटर सोयाबीन, एक लिटर घाण्याचं शेंगदाणा तेल, अशी वाटणी होते.

भाव किलोवर तोला. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. समजा एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि शेजारची ८०० ग्रॅमची १३६ ला. दुसरी स्वस्त दिसते, पण किलोला १७० पडते, पहिली १६५. १५ लिटरच्या डब्यातही १५ किलोच्या डब्यापेक्षा सुमारे १,३५० ग्रॅम तेल कमी भरतं.

सोयाबीन महागलं म्हणून सूर्यफुलाकडे वळून दर वेळी सुटका होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचं मूळ आयात शुल्क एकदमच शून्यावरून २० टक्के झालं. मे २०२५ च्या अखेरीस १० वर आलं. शेंगदाणा तेल मुख्यतः देशातलंच. आयातीची तेलं महागली की त्याच्याशी अंतर घटतं. शेंगदाण्याकडे परत फिरायचं तर तेव्हा.

मधला मार्ग म्हणून मिश्र तेल घेणार असाल तर पिशवीवरचं शेंगांचं चित्र सोडा, प्रमाण वाचा. मिश्रणातलं प्रत्येक तेल किमान २० टक्के हवं, एवढाच नियम. उरलेले ८० सोयाबीनचे असू शकतात.