दातेरी पट्टा की बॉलस्क्रू? घरगुती सीएनसी राउटरची निवड
सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कटर फिरवून कोरणारे यंत्र, घरी बनवताना ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट ठरली की पुढचा प्रश्न अक्ष, म्हणजे कटरला उभे-आडवे नेणारे भाग, कशाने सरकवायचे हा असतो. जीटी२ दातेरी पट्टा (दात्यांमधले अंतर २ मिलिमीटर) स्वस्त, हलका आणि वेगवान असून लाकडावर अक्षरे कोरण्यापुरता पुरतो. मात्र २० दात्यांच्या पुलीवर तो मोटरच्या एका फेरीत ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे फेरीत २०० ठरावीक पावले टाकणाऱ्या स्टेपर मोटरचे एक पूर्ण पाऊल ०.२ मिलिमीटरचे होते; शिवाय कटर कठीण मालात शिरला की पट्टा ताणला जाऊन कड लहरी येते. १६०५ बॉलस्क्रू म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचा आटेदार दांडा, ज्याचा नट आतल्या गोळ्यांवर सरकतो; त्याची चाल फेरीला ५ मिलिमीटर असल्याने तेच पाऊल ०.०२५ मिलिमीटरवर येते. ॲल्युमिनियम कापायचे असेल तर माझ्या मते दुसरा विचारच नको, जरी खर्च वाढतो आणि दोन्ही टोकांची बेअरिंगे एका रेषेत बसवण्याची कटकट मागे लागते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत स्क्रूला तेलाचा हात लागला नाही तर गंज चढतो. पट्ट्याला ती भीती नाही. नागदेवी स्ट्रीटवर, म्हणजे मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, स्क्रू मिळाल्यास नट फिरवून तो अडखळत नाही ना, हे पाहावे. पण नट टोकावरून उतरू देऊ नये, आतल्या गोळ्या सांडतात.