आय-व्रॅप: चॅनेलच्या धोक्याचा हिशेब किती खरा?

बरीच वर्षं जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे काढली, आता अरुंद चॅनेलमधल्या, म्हणजे जहाजांच्या अरुंद जलमार्गांमधल्या धोक्याचे अभ्यास करतो. त्यासाठी आयाला या सागरी मार्गखुणांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ‘आय-व्रॅप मार्क टू’ हा टकरींच्या धोक्याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम वापरतो. जरूर वापरा, पण नुसत्या त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो वाहतुकीचा आडवा छेद. एआयएसच्या, म्हणजे जहाजाची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी भरून मार्गाचे टप्पे आखले, की मध्यरेषेपासून किती अंतरावरून किती जहाजं गेली ते दिसतं. सरळ टप्प्यात दोन उंचवटे उभे राहतात, एक आत येणाऱ्यांचा, एक बाहेर जाणाऱ्यांचा, मध्ये दरी. वळण आलं की ती दरी बुजायला लागते. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ९ म्हणतो, उजव्या कडेला धरून चला. वळणावर कितीजण आतून कापतात ते इथे उघडं पडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काटाच आला. अशाच एका वळणावर रात्री समोरच्याचे लाल आणि हिरवा दोन्ही दिवे मी एकदम पाहिले आहेत, म्हणजे ते जहाज सरळ माझ्यावरच येत होतं.

गणित सोपं आहे. कुणीच चुकवाचुकवी केली नाही तर किती टकरी होतील ते मोजायचं आणि त्याला माणसाच्या वा यंत्राच्या चुकीच्या शक्यतेने गुणायचं. समोरासमोरच्या टकरीसाठी मूळ गुणक ०.००००५, एकमेकांची वाट आडवी छेदणाऱ्या जहाजांच्या टकरीसाठी ०.०००१३. पायलट (जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) आहे का, व्हीटीएस (किनाऱ्यावरून जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणारं केंद्र) आहे का, हे बघून गुणक बदलावे लागतात. म्हणून ‘इतक्या वर्षांत एक टक्कर’ असं उत्तर मी कुणाला सुटं देत नाही. बॉय (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) सरकवला तर काय, एकेरी वाहतूक केली तर काय, अशी तुलना करायला मात्र हे साधन फार चांगलं.

मोठी उणीव माहितीतच आहे. छोट्या मासेमारी होड्यांवर बहुतेकदा एआयएस नसतं, म्हणजे गणितात त्या नाहीतच. मी त्या काठावर बसून मोजतो आणि हाताने भरतो. हे टाळू नका.

शिवाय काठाची ओढ यात येत नाही. काठाजवळून जाताना जहाजाची मागची बाजू काठाकडे खेचली जाते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, उलट बाजूला फेकली जाते. एकदा सुकाणू पूर्ण फिरवूनही जहाज ऐकेना. इंजिनाला थोडा वेळ जोर दिला तेव्हा कुठे ते वळलं. उथळ पाण्यात वेग दुप्पट केला तर जहाज जवळजवळ चौपट खाली बसतं, तोही हिशेब वेगळा करावा लागतो. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवं रुतलं आणि कालवा सहा दिवस बंद राहिला. तिथे दुसरं जहाज येऊन धडकलं नव्हतं.

म्हणून अहवालाआधी पायलटांना सिम्युलेटरवर बसवून प्रोग्रॅमच्या नकाशात लाल, म्हणजे जास्त धोक्याची दिसणारी वळणं चालवून घेतो. मागच्या कामात त्यांनी आणखी एका जागेवर बोट ठेवलं. माझ्या नकाशात ती हिरवी होती.