वडगादीतलं सुट्या क्लीनरचं दुकान: माल ठीक, लेबल नापास

मुंबईत मस्जिद बंदरला वडगादीत सुटा माल विकणारी जी दुकानं आहेत, त्यांतलंच हे एक. सोसायट्या, खानावळी आणि सफाईचे ठेकेदार इथून ॲसिड, ब्लीच, फिनाईल, कॉस्टिक सोडा कॅन भरभरून नेतात. भाव वाजवी, माप चोख. पांढरं फिनाईल पाण्यात टाकताच छान दुधाळ होतं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ॲसिड आणि ब्लीचच्या बाटल्यांची. दोन्ही पाण्याच्या जुन्या बाटल्यांत, वर कागदाची पट्टी, त्यावर स्केचपेननं नुसतं ‘ॲसिड’ किंवा ‘ब्लीच’. किती टक्के? पत्ता नाही. संडास धुण्याच्या तयार बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण 10 टक्के असतं. सुटं विकलं जाणारं औद्योगिक ॲसिड 30च्या आसपास. रोजच्या अंदाजानं ते ओतलं, तर झाकण उघडताच नाकाला झोंबतं आणि शहाबादी फरशी खाऊन टाकतं, कारण ती चुनखडीची.

ब्लीचवर तारीख हवीच. घरगुती ब्लीच 5 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ऊन-उकाड्यात त्याचा जोर उतरत जातो. शिवाय त्यातून वायू सुटत राहतो. झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते. कॉस्टिक सोड्याचं पाणी तर या बाटल्यांत भरूच नये. तीव्र अल्कलीनं त्यांचं प्लास्टिक हळूहळू कमजोर होतं. त्याला एचडीपीई या टणक प्लास्टिकचा जाड, दुधी कॅनच लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘कशात मिसळू नये’ हे कुठेच नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो. तो हवेपेक्षा जड. चाळीतल्या बिनखिडकीच्या मोरीत उकिडवं बसून घासणाऱ्याच्या तोंडाशीच तो साचतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार ॲसिड देताना दुकानदार ओळखपत्र बघतो, वहीत नाव, पत्ता, कारण लिहितो. हे उत्तम. वहीत गिऱ्हाईकाचा पत्ता आहे, बाटलीत काय आहे याचा मात्र नाही! त्याच फळीवरच्या झुरळांच्या औषधाला कीटकनाशक कायद्यामुळे रंगीत चौकोन छापावा लागतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बाजूच्या ॲसिडवर साधी कवटीही नाही. रसायनांवर धोक्याची चिन्हं छापायच्या, जगभर चालणाऱ्या जीएचएस पद्धतीत अशा ॲसिडला लाल किनारीचा चौकोन असतो; आत हातावर आणि धातूवर सांडणारं द्रव. निरक्षर माणसालाही तो कळतो.

फिनाईल इथून जरूर घ्या. ॲसिड आणि ब्लीच घ्यायचंच असेल तर कारखान्याचं सील आणि छापील टक्केवारी असलेला 5 लिटरचा कॅन मागा; मागितला तर आतून काढून देतात. घरी लहान बाटलीत काढायचंच झालं तर पाण्याची किंवा सरबताची बाटली नको. परमनंट मार्करनं नाव, टक्के, तारीख, ‘ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नये’ असं लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा, नाहीतर मोरीतल्या ओलीनं कागद सुटतो. त्याखाली एम्सच्या विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा नंबरही लिहा. डोळ्यात उडालं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

मालाला 5 पैकी 4, लेबलला 1. तो एकही वहीसाठी.